मुंबईसाठी बांधलेली धावपट्टी

(वाकड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



लोहगावच्या विमानतळाचा इतिहास सांगायला वाकडात कशाला यायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. लोहगाव शहराच्या त्या टोकाला, आपण या टोकाला. मध्ये मुळा, खडकी, दापोडी, विश्रांतवाडी आणि असंख्य सिग्नल. पण घरी गेल्यावर नकाशा काढा आणि लोहगावच्या मुख्य धावपट्टीवर पट्टी ठेवून ती पश्चिमेकडे वाढवत आणा. ती रेघ जवळजवळ आपल्या डोक्यावरून जाते. या धावपट्टीला वैमानिकांच्या भाषेत 10-28 म्हणतात. होकायंत्रावर एका बाजूने शंभर अंश, दुसऱ्या बाजूने दोनशे ऐंशी. पश्चिमेला तोंड करून विमान उडालं की त्याचं नाक साधारण वाकड-हिंजवडीकडे असतं. हवाई अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर विमान दोन-तीन मिनिटांत कापतं. आपल्याला तेच कापायला संध्याकाळी किती वेळ लागतो, हे मी या सभागृहात सांगायची गरज नाही.

म्हणजे ही धावपट्टी आपल्या रेषेतली आहे, पण ती आपल्यासाठी बांधलेली नाही. पिंपरी-चिंचवडसाठी तर नाहीच, पुण्यासाठीसुद्धा नाही. ती बांधली मुंबईसाठी. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. विमानतळ लहान का, रात्री-पहाटेच्या वेळा अडचणीच्या का, युरोपला जायला मुंबई का गाठावी लागते, या तक्रारींची मुळं 1939 सालात आहेत.

त्या वर्षी महाराष्ट्राच्या जमिनीवर दोन वेगळ्या हेतूंनी दोन धावपट्ट्या जन्माला आल्या. कोल्हापूरला छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभारला. जानेवारी 1939 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. संस्थानाला जगाशी जोडावं ही त्यामागची हौस म्हणा, दूरदृष्टी म्हणा. त्याच साली ब्रिटिश हवाई दलाने पुण्याजवळ लोहगावच्या माळावर तळ स्थापला. नाव होतं 'आरएएफ पूना'. हेतू कागदावर स्वच्छ लिहिलेला होता, मुंबई शहराचं हवाई संरक्षण.

मुंबईचं संरक्षण पुण्यातून कशासाठी? तेव्हाच्या लष्करी डोक्याने विचार केला तर जागा मोठी हुशारीने निवडलेली दिसते. मुंबई समुद्राला चिकटलेली, आरमारी तोफांच्या टप्प्यात येऊ शकणारी. पुणे घाटाच्या वर, पठारावर. मधली सह्याद्रीची भिंत विमान काही मिनिटांत ओलांडतं, शत्रूच्या पायदळाला मात्र ती सहज ओलांडता येत नाही. रेल्वे होती, मोठी छावणी होती, खडकीला दारूगोळ्याचे कारखाने होते. सपाट माळ हवा होता, तो लोहगावला मिळाला.

लोहगाव हे काही अनोळखी माळरान नव्हतं. हे तुकोबांचं आजोळ. तुकोबांच्या आईचं माहेर इथलं, आणि तुकोबा इथे कीर्तनाला वरचेवर येत असत असं परंपरा सांगते. महिपतींनी लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रातला शिवबा कासार इथलाच. नवरा तुकोबांच्या नादी लागला म्हणून त्याच्या बायकोने तुकोबांच्या अंगावर कढत पाणी ओतलं, ही कथा आपल्याकडे देहूच्या बाजूला पोराटोरांना ठाऊक असते. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तो या नात्यामुळे. मला नाव आवडलं. इतक्या साध्या, पायी चालणाऱ्या माणसाचं नाव विमानतळाला द्यावं यात थोडी गंमत आहे, पण आजोळावर नातवाचा हक्क असतोच.

तर युद्ध. 1939 मध्ये मुंबईवर नेमकं कोण हल्ला करणार होतं, हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. तीन वर्षांनी मात्र भीती खरी झाली. 5 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाडा. पूर्व किनाऱ्यावर पोहोचलेला शत्रू पश्चिम किनाऱ्यावर येणार नाही याची हमी कोण देणार? या काळात लोहगावला मॉस्किटो आणि वेलिंग्टन ही बॉम्बफेकी विमानं होती, स्पिटफायर ही लढाऊ विमानं होती.

यातल्या मॉस्किटोबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण कारखानदारीच्या गावात बोलतोय. मॉस्किटो हे लाकडाचं विमान होतं. युद्धात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई, म्हणून डी हॅविलँड कंपनीने प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचे थर गोंदाने जोडून सांगाडा केला. त्यामुळे इंग्लंडातल्या फर्निचर बनवणाऱ्या कारागिरांनासुद्धा विमानाच्या कामाला लावता आलं. विमान एवढं वेगवान निघालं की जर्मनीला ते पकडताना नाकी नऊ आले. पण भारतात आणि ब्रह्मदेशात पावसाळा आणि ऊन या जोडीने लाकडाचे सांधे सोडवायला सुरुवात केली. पंखांचे अपघात झाले आणि 1944 च्या नोव्हेंबरात या भागातली मॉस्किटो विमानं तपासणीसाठी जमिनीवर उभी करावी लागली. कारखान्यात मस्त चाललेला माल ग्राहकाच्या गावच्या हवेत का बिघडतो, हा प्रश्न आज चाकण-भोसरीतल्या प्रत्येक क्वालिटीवाल्याला पडतो. तो तेव्हाही पडला होता.

आणि मुंबई? ज्या मुंबईसाठी हा सगळा घाट घातला, तिच्यावर संकट आलं ते आकाशातून आलंच नाही. 14 एप्रिल 1944 च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटलं. पोटात स्फोटकं होती, सोबत कापसाच्या गाठी. दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून लांब जाऊन पडल्या. जपानने बॉम्ब टाकला असंच लोकांना पहिल्यांदा वाटलं. पहारा आकाशाकडे डोळे लावून होता आणि आग गोदीत होती.

याच वर्षांतली दुसरी गोष्ट लोहगावच्या इतिहासात कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगणार आहे. तळापासून चार-पाच किलोमीटरवर, नगर रस्त्याला, आगाखान पॅलेस आहे. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत अटक करून गांधीजींना तिथे आणलं. 15 ऑगस्ट 1942 ला महादेवभाई देसाई तिथे गेले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण तिथेच केलं. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा तिथेच गेल्या. 6 मे 1944 ला गांधीजी सुटले. जवळजवळ एकवीस महिने स्वातंत्र्याचा कैदी आणि साम्राज्याचं हवाई दल एकमेकांचे शेजारी होते. स्पिटफायरच्या इंजिनाचा आवाज ज्यांनी जुन्या चित्रफितींत ऐकला असेल त्यांना कळेल, की तो आवाज चार किलोमीटरवर न पोहोचणं अवघड आहे. पुण्याच्या इतिहासात या दोन वास्तू नेहमी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या एका प्रकरणात यायला हव्यात असं माझं मत आहे.

युद्ध संपलं. आता धावपट्ट्यांचं काय करायचं हा प्रश्न जगभर आला. लंडनच्या पश्चिमेला हीथ रो नावाची वाडी होती. 1944 मध्ये युद्धकाळातल्या अधिकारांखाली तिथल्या शेतजमिनी हवाई दलाच्या नावाने घेतल्या, आणि युद्ध संपताच 1946 च्या पहिल्या दिवशी ते मैदान नागरी वाहतुकीकडे गेलं. आजचा हीथ्रो तो हाच. आपल्याकडेही सांताक्रूझला युद्धात ब्रिटिश हवाई दल होतं, पुढे ते मुंबईचं नागरी विमानतळ झालं. नागपूरच्या सोनेगावचा तळ तर एका वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाला. 1949 पासून रात्री चारही दिशांची टपाल-विमानं तिथे एकत्र येत, पोती आणि प्रवासी बदलत आणि पहाटेपर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास गाठत.

लोहगावच्या बाबतीत असं काही घडलं नाही. मे 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, तळ रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ताब्यात आला आणि लष्कराकडेच राहिला. पुढे तो '2 विंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. या निर्णयात मला चूक दिसत नाही. देश नुकताच फाळणीतून आणि काश्मीरच्या लढाईतून बाहेर पडलेला, दख्खनच्या पठारावर तयार तळ हातात, लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय शेजारी. सोडणार कोण? आणि तेव्हा पुण्याला विमानाची गरज तरी किती होती? डेक्कन क्वीन होती ना.

तो तळ ठेवण्याचा खरा उपयोग पहिल्यांदा दिसला तो गोवा मुक्तीच्या वेळी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

डिसेंबर 1961. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे हवाई कारवाईची सूत्रं होती. विमानं दोन ठिकाणी जमवली होती, पुण्याला आणि बेळगावजवळच्या सांब्र्याला. सांब्र्याचा तळही महायुद्धातलाच, 1942 सालचा. 18 डिसेंबरला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानं पुण्याहून उडाली आणि दाभोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत 63,000 पौंड बॉम्ब टाकून परतली. म्हणजे साधारण अठ्ठावीस टन. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली. सांब्र्याहून सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं.

या हल्ल्याची खरी गोष्ट काय टाकलं ही नाही, काय वाचवलं ही आहे. वैमानिकांना आदेश होता की धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका. तो पाळला गेला. उद्या हे विमानतळ आपलंच असणार आहे, हे आदेश देणाऱ्याच्या डोक्यात होतं. दाभोळीच्या तळावर पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती, एक कॉन्स्टलेशन आणि एक डग्लस. हल्ल्यात ती बचावली. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा उरलेला तुकडा कसाबसा वापरून त्यात काही अधिकाऱ्यांची कुटुंबं बसवली आणि अंधारात विमानं कराचीला नेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

पुण्याच्या धावपट्टीने गोव्याची धावपट्टी फोडली, आणि पुढे दोघींचं नशीब सारखंच निघालं. दाभोळी 1962 मध्ये नौदलाकडे गेली, तिथे आयएनएस हंसा हा तळ झाला, आणि पर्यटकांनी भरलेली चार्टर विमानं नौदलाच्या वेळा सांभाळत उतरू लागली. गोव्याने हे सहा दशकं सोसलं. मग मोप्याला दुसरा विमानतळ बांधला आणि जानेवारी 2023 पासून तिथे विमानं सुरूही केली. पुण्याचा दुसरा विमानतळ अजून कागदावर आहे. त्याकडे नंतर येतो.

लोहगावच्या नागरी बाजूची सुरुवात फार साधी होती. तळाच्या एका कोपऱ्यात प्रवाशांसाठी थोडी जागा. सरकारी भाषेत 'सिव्हिल एन्क्लेव्ह'. इंडियन एअरलाइन्सची छोटी विमानं, मुंबईला जाऊन पुढची गाडी पकडणारे थोडे लोक. मुंबई-पुणे हा प्रवासही विमानाने करत असत, हे आज खरं वाटणार नाही. त्याच मार्गावर 4 ऑगस्ट 1979 ला भर पावसाळ्यात पुण्याहून मुंबईला निघालेलं एचएस-748 जातीचं विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. 45 माणसं गेली. ज्या सह्याद्रीमुळे हा तळ सुरक्षित मानला होता, तो सह्याद्री ढगात बुडाला की काय करतो याची ती आठवण.

लष्करी बाजूला मात्र जोम होता. 1987 मध्ये मिग-29 आली. 1997 मध्ये सुखोई-30 ची पहिली तुकडी इथेच आली, आणि 27 सप्टेंबर 2002 ला संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत सुखोई-30 एमकेआय हवाई दलात दाखल झालं तेही लोहगावलाच. हे विमान पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. म्हणजे मराठी कामगारांच्या हातचं विमान मराठी मुलखातून उडू लागलं, ही मला फुशारकीची नव्हे पण समाधानाची गोष्ट वाटते.

8 जून 2006 ला राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम इथून सुखोईत बसून उडाले. 25 नोव्हेंबर 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उडाल्या. दोघांचंही वय तेव्हा चौऱ्याहत्तर. कलामांचं एक वेळ समजू शकतं, तरुणपणी त्यांना वैमानिकच व्हायचं होतं, निवडीत थोडक्यात हुकलं. पण जळगाव जिल्ह्यातली, नऊवारी-पाचवारीत वावरलेली, डोक्यावर पदर घेणारी बाई जी-सूट चढवून, हेल्मेट घालून, शिडीने चढून त्या अरुंद कॉकपिटच्या मागच्या आसनावर बसली. तिथे आसन म्हणजे खुर्ची नसते. पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं, खाली स्फोटकाचा रॉकेट-संच असलेलं, प्रसंगी माणसाला विमानाबाहेर फेकणारं यंत्र असतं. त्यात बसण्याआधी ते कसं वापरायचं हे राष्ट्रपतींनाही शिकवलं जातं. अर्ध्या तासाने त्या उतरल्या त्या हसत. लोहगावच्या धावपट्टीचं माझ्या मनातलं सर्वांत चांगलं चित्र कोणतं म्हणाल तर हे.

ते आसन कशासाठी असतं हे इथल्या गावांनी पाहिलंही आहे. 13 डिसेंबर 2011 ला वाडे बोल्हाईजवळ आणि 14 ऑक्टोबर 2014 ला थेऊरजवळ सुखोई कोसळली. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक बाहेर पडले आणि वाचले. विमानं शेतात पडली. पूर्वेला अजून शेतं आहेत म्हणून हे वाक्य मला इतक्या सहज उच्चारता येतं.

आता आपला, प्रवाशांचा भाग. हे गाडं चालतं कसं, ते नीट समजून घ्या, म्हणजे विमानतळावर चिडायचं कुणावर ते कळेल.

धावपट्टी हवाई दलाची. ती 2,535 मीटर, म्हणजे 8,316 फूट लांब. आकाशातली वाहतूक सांभाळणारा नियंत्रण कक्षही हवाई दलाचा. दिल्लीहून आलेल्या प्रवासी विमानाला 'उतरा' म्हणणारा आवाज हवाई दलातल्या माणसाचा असतो. विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात टर्मिनल आणि विमानं उभी करायची जागा. लढाऊ विमानांचा सराव सुरू असेल तर प्रवासी विमान थांबतं. लढाऊ विमान अडचणीत असेल तर सगळेच थांबतात. दिवसात किती नागरी विमानं, कोणत्या तासाला, हे हवाई दलाने दिलेल्या वेळांवर ठरतं. विमान जमिनीला टेकलं की तळाचे फोटो काढू नका अशी सूचना होते. ती ऐकूनही काही लोक खिडकीला मोबाइल लावतात, आणि मला त्यांची खरोखर लाज वाटते.

लांबीचा प्रश्नही समजून घ्या. लोहगाव समुद्रसपाटीपासून 592 मीटर उंच. उंचावरची हवा विरळ, त्यात मे महिन्याची दुपार, म्हणजे आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून उडण्याआधी जास्त धावावं लागतं. युरोप-अमेरिकेला जाणारं, पोटात पन्नास-साठ टन इंधन भरलेलं मोठं विमान या पट्टीवरून पूर्ण भाराने उठू शकत नाही. पट्टी पूर्वेला पाचशे मीटर वाढवायची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे.

यावर जर्मनांनी जो तोडगा काढला तो आपल्या पट्ट्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावा असा आहे. जुलै 2008 मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. मोठं विमान इथून उठत नाही ना, मग छोटं विमान घेतलं, त्यातल्या खुर्च्या कमी करून सगळं विमान बिझनेस क्लासचं केलं. चालवत होती प्रायव्हेटएअर नावाची स्विस कंपनी. भार कमी, इंधनाला जागा. प्रवासी कोण? चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने उभे राहत होते, त्यांचे आणि त्यांच्या पुरवठादारांचे लोक. एखाद्या औद्योगिक पट्ट्यासाठी, धावपट्टीच्या मापाने बेतलेली अशी विमानसेवा जगात थोडीच ठिकाणं दाखवू शकतील. नंतर ती बंद पडली. कारखाने राहिले, माणसं वाढली, आणि साहेब लोक पुन्हा गाडीत बसून मुंबईच्या विमानतळाकडे निघाले. म्हणजे वाकडकडे.

कारण वाकडचा पूल हाच गेली वीस वर्षं या परिसराचा दुसरा विमानतळ आहे! मध्यरात्री पुलाखाली उभे राहा. दोन-दोन मोठ्या बॅगा, गळ्यात मानेची उशी, शेजारी डोळे पुसणारी आई आणि 'पोचल्यावर लगेच फोन कर' म्हणणारे बाबा. मुंबईच्या टॅक्सीची, बसची वाट बघणारी ही गर्दी म्हणजे 1939 मध्ये आखलेल्या एका धावपट्टीचा परिणाम आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. द्रुतगती मार्गाने ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. पुढे वाकडकर लोहगावपेक्षा तिकडेच जास्त जाऊ लागले तर मला नवल वाटणार नाही.

लोहगाव स्वस्त विमानप्रवासाच्या लाटेत फुगत गेलं. 2005 मध्ये दुबईचं विमान सुरू झालं. डांबराला मात्र वय असतं. ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, आणि 16 ते 29 ऑक्टोबर 2021 हे चौदा दिवस तर विमानतळच पूर्ण बंद. एका शहराला एकच पट्टी असली की असं होतं. 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, 14 जुलैपासून ते वापरात आलं. 51,595 चौरस मीटर, खर्च सुमारे 475 कोटी. इमारत देखणी आहे. पण बैठकीची खोली वाढवली म्हणून अंगण वाढत नाही. वर्षाला जवळपास एक कोटी प्रवासी त्याच एका पट्टीवरून जा-ये करतात. 2025 मध्ये तर तळाच्या आवारात बिबट्या दिसला आणि कित्येक महिने हाती लागला नाही. त्याला बिचाऱ्याला तरी तिथे मोकळी जागा सापडली.

मग दुसरा विमानतळ का नाही? पहिला शोध आपल्याच बाजूला झाला. चाकण, मग राजगुरुनगर. कारखाने इथे, माल इथला, हे तर्काला धरून होतं. पण डोंगर आडवे आले, बागायती जमिनी आडव्या आल्या, शेतकरी उभे राहिले. जागा बदलत राहिल्या आणि शेवटी ऑक्टोबर 2016 मध्ये पुरंदरची घोषणा झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं. यातलं खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. तिथेही लोक रस्त्यावर आले, ड्रोनने मोजणी करायला आलेल्यांना अडवलं.

शेतकऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि हवाई दलाने धावपट्टी सोडावी असंही म्हणणार नाही. माझा रोख आपल्यावर आहे, शहरावर. आम्हाला विमानतळ हवा, पण दुसऱ्याच्या गावात. लोहगावच्या भिंतीला चिकटून आम्ही विमाननगर, धानोरी, टिंगरेनगर उभी केली आणि मग उंचीच्या बंधनाची तक्रार केली. पिंपरी-चिंचवडकरांना हे नवीन नाही. महायुद्धाच्या काळातलाच देहूरोडचा दारूगोळा डेपो, त्याभोवती दोन हजार यार्डांचा 'रेड झोन', आणि त्यात तळवडे-निगडीकडची हजारो घरं. लष्कराची जागा आधी आली, वस्ती नंतर आली, आणि दोन्ही आता एकमेकांना अडचण वाटतात. पुण्याला भाड्याची धावपट्टी मिळाली आणि ऐंशी वर्षांत आपण स्वतःची बांधू शकलो नाही, हा दोष घरमालकाचा नव्हे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. लोहगावच्या तळाचा इतिहास चाळला की मॉस्किटो सापडतं, स्पिटफायर सापडतं, स्क्वाड्रनचे क्रमांक सापडतात. ज्यांच्या माळावर, ज्यांच्या ज्वारी-बाजरीच्या रानावर तो तळ उभा राहिला, त्यांची नावं त्या पानांत नसतात. खडी कुणी फोडली, रोलर कुणी ओढला, बायकांनी किती टोपल्या वाहिल्या, मजुरी काय मिळाली, तेही नसतं. लोहगाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलं, गावकी विरघळत चालली. तळ उभा राहताना पाहिलेली माणसं आज नव्वदीत आहेत. पुरंदरच्या सात गावांचे सातबारे आजच बदलताहेत. तेही असंच हरवू द्यायचं का?

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी अनेकांची मूळ गावं लोहगाव, वाघोली, धानोरी, कळस, दिघी अशी आहेत. अनेकांचे आजोबा-वडील तळावर, खडकीच्या कारखान्यात, देहूरोडच्या डेपोत कामाला होते. घरी जुन्या ट्रंकेत नोकरीचा पास असेल, भूसंपादनाची नोटीस असेल, जुना सातबारा असेल, गणवेशातला एखादा फोटो असेल. आजी-आजोबा बोलते असतील तर त्यांच्याशी बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव आधी नोंदवा. कागद असतील तर पुढच्या रविवारपर्यंत व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे घेऊन या. ते तिथल्या तिथे फोटो काढून घेतील, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.